गच्चीवरचं टेबल ऑनलाइन हलवताना: आवाज आधी, नकाशा शेवटी

आमचा डीअँडडीचा, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाचा, गट जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवर खेळायचा. चार्ट पेपरवर पट्टीनं आखलेले एक-एक इंचाचे चौकोन, खेळाडू म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं आणि गॉब्लिन म्हणून भाजलेले शेंगदाणे. गॉब्लिन मेला की ज्यानं मारला त्यानं तो खायचा, हा आमचा घरचा नियम. मग कॉलेज संपलं आणि सोलापुरात जे नेहमी होतं तेच झालं. दोघं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले ते तिकडचेच झाले, एक बंगळूरला, एक थेट जर्मनीत. गावात उरलो मी आणि अजून एक. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी आमची लांबलचक गोष्ट, मात्र अर्ध्यात लटकलेलं. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून उचललेल्या एका किल्ल्याच्या खंदकात सगळी पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, गळ्यापर्यंत पाण्यात उभी.

खेळ ऑनलाइन न्यायचं ठरलं तेव्हा डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा) या नात्यानं मी तीन आठवडे नकाशा बनवण्यात घातले. भिंती, दारं, मशालींचा उजेड, सगळं. पहिल्या रात्री तो नकाशा कुणी दहा मिनिटंसुद्धा धड पाहिला नाही, कारण पाऊण तास "ऐकू यायलंय का बे?" आणि "आवाज तुटायलाय तुझा" यातच गेला. उरलेला वेळ पासवर्ड आठवण्यात.

खाली जो क्रम दिलाय तो त्या रात्रीतून आलाय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली हा खेळ छापला तेव्हापासून तो मुळात एकमेकांशी बोलण्याचा खेळ आहे. म्हणून आधी बोलणं हलवा, मग फासे, मग कॅरेक्टर शीट (पात्राची सगळी माहिती लिहिलेला कागद). नकाशा सगळ्यात शेवटी, आणि तोही लागलाच तर.

लागणारं सामान

- प्रत्येकाकडे माइक असलेले वायरचे इअरफोन. तीन-चारशेचे चालतात.
- डीएमकडे लॅपटॉप. खेळाडूंकडे लॅपटॉप असला तर उत्तम, नसला तर फोन.
- डिस्कॉर्ड या बोलण्याच्या आणि मेसेजच्या अ‍ॅपचं खातं, प्रत्येकाचं वेगळं.
- सगळ्यांच्या कॅरेक्टर शीटचे ताजे फोटो, हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय) आणि उरलेल्या स्पेल स्लॉटसकट (अजून किती मंत्र टाकता येतील).
- डीएमची वही. ही अजूनही कागदाचीच ठेवा.
- राउटरसाठी इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस.

पैसे अजून कशावरही खर्च करू नका.

## १. वार, वेळ आणि माणसं पक्की करा

गच्चीवर आम्ही रविवारी दुपारी बसलो की अंधार पडेपर्यंत उठायचो नाही. ऑनलाइन तेवढं बसवत नाही. कान दुखतात, डोळे चुरचुरतात, तिसऱ्या तासाला कुणीतरी गुपचूप रील बघायला लागतो. अडीच तास आणि मध्ये दहा मिनिटांची सुट्टी एवढंच धरा. पूर्वी महिन्यातून एकदा खेळत असाल तर आता दर पंधरा दिवसांनी ठेवा.

खेळाडू चार असले तर फार बरं. आमचे पाच आहेत आणि पाचवा नेहमी बोलायचा राहतो.

परदेशात कुणी असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. आपलं घड्याळ वर्षभर तेच असतं, त्यांचं बदलतं. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आमचा जर्मनीवाला "संध्याकाळी साडेपाच" एवढंच डोक्यात ठेवून होता. नोव्हेंबरच्या पहिल्या सेशनला तो आला तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजले होते आणि त्याचा रांगडा बार्बेरियन तासभर खंदकात गप्प उभा होता. वेळ नेहमी भारतीय वेळेत लिहा, बदल ज्याच्या देशात होतो त्यानं सांभाळावा.

## २. आवाज

इथे घाई करू नका. बाकी सगळं कामचलाऊ असलं तरी भागतं, आवाज कामचलाऊ चालत नाही.

गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की तासाभरात कॉल तुटतो, झूमवर ४० मिनिटांत. ऐन ड्रॅगनच्या तोंडी असताना परत लिंक पाठवत बसणं कसं असतं ते आम्ही पाहिलंय. डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनलला अशी मर्यादा नाही, म्हणून आम्ही तिथे गेलो. सर्व्हर, म्हणजे गटाची खासगी जागा, उघडा आणि चारच चॅनल करा: बोलायला "गच्ची", फाशांसाठी "फासे", गोष्टीच्या नोंदींसाठी "चोपडी" आणि फालतू गप्पांना "टवाळी". हे शेवटचं नसलं तर मीम फाशांच्या मध्ये येऊन पडतात.

आमंत्रणाची लिंक पाठवताना तिची मुदत बघा. ती आपोआप सात दिवसांची असते. मी रविवारी पाठवली, पुढच्या रविवारच्या सेशनला दोघांना "लिंक चालत नाही" झालं. मुदत काढून टाकता येते.

आता माइक. लॅपटॉपचा स्वतःचा माइक वापरू नका, तो स्पीकरमधला आवाज परत उचलतो आणि सगळ्यांना स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदानं ऐकू येतं. ब्लूटूथ इअरफोनही टाळा. लॅपटॉपला जोडून त्यांचा माइक सुरू केला की ऐकू येणारा आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. हा इअरफोनचा दोष नाही, ब्लूटूथची पद्धतच तशी आहे.

आपल्या गावाचा खास प्रश्न वेगळाच. आमचा सोलापुरातला दुसरा गडी पूर्व भागात राहतो, शेजारी पॉवरलूम. त्याला सवय आहे, त्याला तो आवाज ऐकूही येत नाही. आम्हाला मात्र तो बोलायला लागला की खटक-खटक-खटक, जणू किल्ल्यात सांगाड्यांची फौज कूच करायलीय. डिस्कॉर्डमधलं नॉइज सप्रेशन सुरू केलं तर खटखट बरीचशी गेली, पण तो हळू बोलला की त्याचेही शब्द गिळले जायला लागले. शेवटी पुश-टू-टॉक लावलं, म्हणजे कळ दाबली तरच माइक सुरू. लूम असो, उन्हाळ्यातला कूलर असो किंवा खालच्या गल्लीतली वरात, इलाज हाच. एप्रिल-मे महिन्यात कूलर बंद करून खेळायला कुणाला सांगू नका. मैत्री टिकली पाहिजे.

एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा बारीक येत असेल तर डिस्कॉर्डमध्ये प्रत्येक माणसाचा आवाज आपापल्या बाजूनं कमी-जास्त करता येतो. नावावर राइट-क्लिक केलं की पट्टी दिसते. ही गोष्ट आम्हाला चार महिन्यांनी कळली.

फोनवरून खेळणाऱ्याला बॅटरी वाचवण्याची सेटिंग डिस्कॉर्डपुरती बंद करायला सांगा. नाहीतर तो नकाशा बघायला ब्राउझरमध्ये गेला की फोन मागे डिस्कॉर्ड झोपवतो आणि गडी गायब. सगळ्यात निवांत जोडी म्हणजे फोनवर आवाज आणि लॅपटॉपवर नकाशा.

## ३. फासे

पहिला वाद इथेच होतो: खरे फासे टाकायचे की स्क्रीनवरचे?

माझं मत, गट जुना असेल तर खरे. स्वतःचा डी-२० (वीस बाजूंचा फासा) हातात खुळखुळवण्याची मजा कुठलंही बटण देत नाही. जो खोटं बोलणार असेल तो गच्चीवरसुद्धा "फासा खाली पडला, परत टाकतो" म्हणायचाच. गट नवा असेल, किंवा माणसं एकमेकांना ओळखत नसतील, तर मात्र सगळ्यांना दिसणारे स्क्रीनवरचे फासे ठेवा. संशयापेक्षा ते बरे.

डिस्कॉर्डवर अव्रे नावाचा बॉट (आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम) सर्व्हरला जोडता येतो. "फासे" चॅनलमध्ये किती फासे, किती बाजूंचे आणि वर किती मिळवायचे एवढं लिहिलं की उत्तर सगळ्यांसमोर येतं. रोल२०सारखी नकाशाची साइट वापरणार असाल तर फासे तिथेच आहेत, वेगळा बॉट नको. डीएमला पडद्याआडचे फासे लागतात. रोल२०मध्ये फक्त डीएमला दिसणारा रोल करता येतो, पण मी अजून वहीशेजारी खरेच टाकतो. माइकला तो खळखळाट ऐकू येतो आणि पाचही जण एकदम गप्प होतात. ऑनलाइन दहशत बसवायला एवढं पुरतं.

"हा बॉट माझ्यावर खार खातो" अशी तक्रार पहिल्या महिन्यात नक्की येईल. आमच्या एकाला लागोपाठ तीन वेळा १ पडला. हे ८००० वेळांत एकदा होतं असं गणित मी मांडून दाखवलं, त्यानं काही उपयोग झाला नाही. त्याला खरे फासे वापरू दिले. तिथेही १ पडला, पण तेव्हा तो हसला.

## ४. शीट आणि नियमांची पुस्तकं

जुन्या शीटवर खोडून खोडून भोक पडलेलं असतं. हलवण्याआधी प्रत्येकाला एकदा ती नव्यानं लिहायला लावा. आमच्या "रोग"च्या, म्हणजे चोराचं पात्र खेळणाऱ्याच्या, शीटवर तीन महिने आधी विकलेली तलवार अजून होती.

शीट ठेवायची कुठे? तीन पर्याय आहेत. डीअँडडी बियाँड या साइटवर फुकट खात्यात सहा कॅरेक्टर ठेवता येतात आणि बेरजा आपोआप होतात, नव्या खेळाडूसाठी हे सोपं. सामायिक गूगल शीट केलं तर डीएमला सगळ्यांचे हिट पॉइंट एका जागी दिसतात. आणि कागद. कागद चालतो. डीएमकडे त्याचा ताजा फोटो असला म्हणजे झालं.

पुस्तकांच्या पीडीएफ चॅनलवर टाकायची सवय लावू नका. गरजही नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. बाराही क्लास (पात्रांचे प्रकार) त्यात आहेत, प्रत्येकाचा एकेक सबक्लास, शिवाय स्पेल आणि राक्षस. सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्यावर आरामात निघतात. परवान्यामुळे तुम्ही त्यातला मजकूर मराठीत उतरवून वाटूही शकता, फक्त मूळ श्रेय द्यायचं. आमच्या "चोपडी"त काही स्पेलची मराठी वर्णनं आहेत. पण नावं इंग्रजीच ठेवली. "फायरबॉल"ला "अग्निगोल" म्हणून पाहिलं, दोन सेशन सगळे किर्तनकारासारखे बोलायला लागले.

## ५. नकाशा: लागतोच का?

प्रामाणिक उत्तर: अर्ध्या सेशनना नाही. बाजारात भाव करणं, सरदाराच्या दरबारातलं राजकारण, जंगलातली वाट, हे नुसत्या वर्णनावर चालतं. नकाशा समोर आला की माणसं गोष्ट ऐकायची सोडून टोकन (नकाशावरच्या सोंगट्या) सरकवायला लागतात. मोठी लढाई असेल तरच तो काढा.

लढाई आहे असं धरू. तीन पायऱ्या आहेत आणि त्या खालून वर चढायच्या. मी वरून सुरुवात केली होती.

आउलबेअर रोडिओ. ब्राउझरमध्ये उघडतं, चित्र टाकायचं, टोकन ठेवायचे, न दिसणारा भाग धुक्यानं झाकायचा. नियम, शीट, बेरजा काही नाही, आणि तेच त्याचं सुख. चार्ट पेपर आणि बुचांच्या सर्वांत जवळचं हेच आहे. गच्चीवरून थेट येणाऱ्यांनी इथूनच सुरू करा. चार्ट पेपरचाच फोटो काढून टाकला तरी चालतो, आम्ही टाकलाय. कोपऱ्यात चहाचा डाग आहे, आता तो अधिकृत दलदल आहे.

रोल२०. हेही ब्राउझरमध्येच. शीट, फासे, नकाशा एकत्र. फुकट खात्यात चित्रांसाठी जागा मोजकीच असते, म्हणून दहा-दहा एमबीचे नकाशे चढवू नका. इथे एक चौकोन ७० पिक्सेलचा धरलेला असतो. नकाशा ३० चौकोन रुंद असेल तर चित्र २१०० पिक्सेल रुंद करून घ्या, मग आखणी बरोबर बसते. हे माहीत नसल्यानं आमचा ओगर राक्षस पहिल्या लढाईत अर्धा भिंतीत आणि अर्धा बाहेर होता.

फाउंड्री. हे सगळ्यात ताकदीचं. भिंतींमागचं दिसत नाही, मशालीचा उजेड टोकनबरोबर सरकतो. एकदाच ५० डॉलर आणि वर कर, म्हणजे चार-साडेचार हजार रुपयांच्या पुढे, आणि तेही फक्त डीएमनं भरायचे, खेळाडूंना काही नाही. पण ते तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. बाकीच्यांना तुमच्या घरच्या नेटवरून आत यावं लागतं, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथे आहे.

विकत घेण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करा. राउटरच्या पानावर वॅन आयपी असा आकडा दिसतो तो लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील तर ठीक, राउटरमध्ये ३०००० क्रमांकाचं पोर्ट उघडून काम होईल. वेगळे असतील, आणि त्यातही राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीनं अनेक घरांत वाटलाय. वाड्याला एकच टपालपेटी असावी आणि पोस्टमननं कुणाचं पत्र कुणाला द्यायचं ते ठरवू नये, तसं. मग पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येत नाही. मी दोन रात्री राउटरशी झटापट केली, नेटवाल्याला तीन फोन केले. तिसऱ्या फोनवर त्यानं विचारलं, "साहेब, घरात नेट चालतंय ना? मग काय प्रॉब्लेम आहे?"

इलाज तीन: वेगळा स्थिर आयपी मागणं, त्याचे बहुधा जास्तीचे पैसे पडतात, फाउंड्री भाड्याच्या सर्व्हरवर ठेवणं, किंवा सरळ मागच्या पायरीवर येणं. सहा महिने फाउंड्री चालवून आम्ही आता बहुतेक वेळा आउलबेअरवरच असतो. माझे तीन आठवडे गेले ते गेले.

## ६. कोरडी तालीम

पहिल्या खऱ्या सेशनच्या दोन दिवस आधी अर्धा तास सगळ्यांना बोलवा. गोष्ट नाही, लढाई नाही. प्रत्येकानं माइकवर नाव सांगायचं, एक डी-२० टाकायचा, आपलं टोकन तीन चौकोन सरकवायचं, डीएमला एक खासगी मेसेज पाठवायचा. बस. ज्याला जमलं नाही त्याच्याशी बाकीचे गेल्यावर निवांत बोला. "मला येतं बे सगळं, तालीम कशाला" म्हणणारा एक जण असतो. पहिल्या रात्री अडकणारा तोच असतो.

## ७. पहिलं सेशन चालवताना

गच्चीवर दोन जण कोपऱ्यात कुजबुजत कट शिजवायचे आणि इकडे तिसरा माझ्याशी बोलायचा. ऑनलाइन एका वेळी एकच आवाज ऐकू येतो. हा सगळ्यात मोठा फरक आहे आणि सगळं डीएमच्या अंगावर येतं.

"आता काय करता?" असं सगळ्यांना मिळून विचारू नका. पाच सेकंद शांतता, मग तिघं एकदम बोलतात, मग तिघं एकदम थांबतात, मग "तू बोल", "नाही, तू बोल". नाव घेऊन विचारा. लढाईत पाळी आली की पुढच्याचंही नाव सांगा: "आता बार्बेरियन, तयारीत विझार्ड." एवढ्यानं आमच्या लढाया बऱ्याच आटोपशीर झाल्या.

कट शिजवायचा असेल तर दुसरं व्हॉइस चॅनल उघडून द्या आणि पाच मिनिटांचं घड्याळ लावा. चिठ्ठीच्या जागी खासगी मेसेज. पार्टीतल्या एकालाच दिसलेलं काही त्याला मेसेजनं सांगितलं, आणि तो इतरांपासून लपवतोय हे बाकीच्यांना कळतही नाही, ही एक गोष्ट ऑनलाइन गच्चीपेक्षा सरस आहे.

चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे कुणाला एखादा प्रसंग जड जातोय हेही कळत नाही. जॉन स्टॅव्हरोपूलॉस यांची एक्स-कार्डची पद्धत इथे कामाला येते: डीएमला नुसती फुली पाठवली की तो प्रसंग तिथेच वळवायचा, का ते विचारायचं नाही. आमच्याकडे वर्षात दोनदा आली. दोन्ही वेळा मला अंदाजही नव्हता.

कॅमेरा पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी सुरू ठेवावा, नंतर ज्याचं नेट अशक्त त्यानं बंद करावा. डीएमनं मात्र चालूच ठेवावा.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: अर्धे टेबलावर, अर्धे ऑनलाइन, असं करू नका. दिवाळीत पुण्याचे दोघं गावी आले, आम्ही चौघं एका खोलीत एका लॅपटॉपभोवती बसलो आणि बाकीचे दोघं स्क्रीनवर. आमचे विनोद त्यांना अर्धे ऐकू येत होते, त्यांचे आम्हाला अजिबात नाही. तासाभरात ते श्रोते झाले, मग बंगळूरवाला "झोप यायलीय" म्हणून गेला. एकत्र असाल तरी वेगवेगळ्या खोल्यांत, आपापल्या इअरफोनवर बसा. आई विचारते, एका घरात बसून फोनवर काय बोलता रे? तिला उत्तर द्यायची तयारी ठेवा.

## ८. लाईट गेली तर

जाणारच. राउटर यूपीएसवर असला तर घर अंधारात असूनही नेट राहू शकतं. नेटही गेलं तर मोबाइलचा डेटा. नुसत्या आवाजाला तो फार लागत नाही: डिस्कॉर्डचं व्हॉइस चॅनल मुळात ६४ केबीपीएसवर असतं, म्हणजे एका बोलणाऱ्यामागे तासाला ३० एमबीच्या आत. कॅमेरा बंद, नकाशा बंद, फक्त आवाज.

खेळाडू गेला तर त्याचं कॅरेक्टर कोण चालवणार हे आधीच ठरवून ठेवा. डीएमच गेला तर दहा मिनिटं थांबायचं, मग टवाळी, मग झोप. आणि प्रत्येक सेशन संपताना कोण कुठे उभं आहे, किती हिट पॉइंट उरलेत, हे "चोपडी"त तीन ओळींत टाका. मी नकाशाचा स्क्रीनशॉटही टाकतो.

## ९. गड्ड्याला सगळे घरी आले की

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आमचे बरेचसे परततात आणि तेव्हा खेळ परत गच्चीवर जातो. उलटा प्रवास सोपा आहे, पण दोन कामं आदल्या दिवशी करा. शीट छापून घ्या, म्हणजे सगळे फोनमध्ये डोकं घालून बसणार नाहीत. आणि शेवटच्या स्क्रीनशॉटवरून चार्ट पेपर आखून ठेवा. जर्मनीवाला येऊ शकला नाही तर त्या दिवशी मुख्य कॅम्पेन लावू नका, त्याच्याशिवाय एखादा वन-शॉट (एका बैठकीत संपणारी गोष्ट) खेळा.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी सेशन ठेवू नका, कुणी येत नाही. आदल्या किंवा नंतरच्या रविवारी ठेवा. शेंगदाणे किलोभर आणा. मागच्या वर्षी पाव किलो आणले होते, लढाई सुरू व्हायच्या आतच गॉब्लिन संपले.